संकलनाचा प्रोग्रॅम मुळापासून बदलतो तेव्हा: व्यावसायिकांच्या तक्रारी कशा वाचाव्यात आणि आपला निर्णय कसा घ्यावा

रोज दहा-बारा तास ज्या प्रोग्रॅमसमोर बसून आपण शॉट कापतो, जोडतो आणि पुन्हा कापतो, तो एका सकाळी ओळखू येणार नाही इतका बदलून समोर आला की आधी राग येतो, आणि तो येणे स्वाभाविकच आहे. राग ओसरल्यावर दोन कामे उरतात. इतर संकलक जे बोलत आहेत त्यातले आपल्याला किती लागू आहे हे ओळखणे, हे पहिले काम. आणि नव्या आवृत्तीवर जायचे, जुनीवर थांबायचे की दुसऱ्याच प्रोग्रॅमकडे वळायचे हे ठरवणे, हे दुसरे. ही दोन्ही कामे कशी करावीत हे पुढे लिहिले आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः २०११ सालचे फायनल कट प्रो टेन या अ‍ॅपलच्या व्हिडिओ संकलनाच्या प्रोग्रॅमचे प्रकरण घेतले आहे, कारण ते पुरते घडून गेलेले आहे आणि कोणत्या तक्रारीचे पुढे काय झाले हे आता तारखांसकट पाहता येते.

आधी घटनाक्रम

फायनल कट प्रो १९९९ साली बाजारात आला. पुढच्या दहा वर्षांत स्वतंत्र चित्रपट, माहितीपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही क्षेत्रांत त्याने चांगलेच पाय रोवले. २००९ साली सातवी आवृत्ती आली. ती ३२ बिटची होती, म्हणजे यंत्रात कितीही मेमरी बसवली तरी तिला चार जीबीच्या पलीकडे हात घालता येत नव्हता. रेंडर (केलेले बदल मिसळून चित्र तयार करण्याची क्रिया) सुरू झाला की काम थांबवून पट्टी पुढे सरकताना पाहत बसावे लागे. बदल हवाच होता आणि तो मागणाऱ्यांत व्यावसायिक संकलकच पुढे होते, हे नंतरच्या गदारोळात विसरले गेले.

१२ एप्रिल २०११ रोजी लास व्हेगासमध्ये अ‍ॅपलने ‘टेन’ या नव्या आवृत्तीचे प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा सभागृहात टाळ्याच पडल्या होत्या. ६४ बिट, पार्श्वभूमीला चालणारा रेंडर, आपोआप जागा करून देणारी ‘चुंबकी’ टाइमलाइन (शॉट क्रमाने मांडायची पट्टी), आणि किंमत २९९.९९ डॉलर, जिथे आधीचा संपूर्ण संच ९९९ डॉलरना मिळत असे. २१ जून रोजी प्रोग्रॅम हाती आला आणि सूर पालटला. सातव्या आवृत्तीचे प्रोजेक्ट त्यात उघडत नव्हते, घरगुती वापराच्या आयमूव्हीचे मात्र उघडत होते. मल्टिकॅम, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र कापण्याची सोय, नव्हते. संकलनाची माहिती दुसऱ्या प्रोग्रॅमला देणाऱ्या एक्सएमएल व ईडीएल आणि ध्वनी विभागाकडे जाणाऱ्या ओएमएफ या फाइलप्रकारांपैकी कशाचीही देवाणघेवाण नव्हती. टेपवर उतरवण्याची नेहमीची सोय नव्हती, आणि प्रसारणाच्या दर्जाच्या मॉनिटरवर चित्र पाठवता येत नव्हते. त्यातच त्या दिवसापासून जुन्या संचाची विक्री बंद झाली. अमेरिकेत कोनन ओब्रायन यांच्या कार्यक्रमातील संकलकांनी दोनच दिवसांत या प्रोग्रॅमची पडद्यावर खिल्ली उडवली. एखाद्या संकलन प्रोग्रॅमवरचा विनोद रात्रीच्या लोकप्रिय कार्यक्रमात जावा, हे तोवर कोणाच्या कल्पनेतही नसेल.

हा बदल कुण्या नवख्याने केलेला नव्हता. रँडी उबिलोस यांनी अ‍ॅडोबी प्रीमियर या दुसऱ्या संकलन प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या आवृत्त्या घडवल्या होत्या, मूळ फायनल कटही त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाला होता, आणि या नव्या रचनेमागेही तेच होते. म्हणून ‘त्यांना संकलनातले काही कळत नाही’ अशा स्वरूपाची प्रतिक्रिया वाचण्यात आली, तर ती सरळ बाजूला ठेवावी. तिच्यातून आपल्या हाती काही लागत नाही.

तक्रारींचे ढीग कसे पाडावेत

प्रोग्रॅम बदलला की पहिल्या आठवड्यात शेकडो मते ऐकू येतात आणि ती सगळी सारख्याच पट्टीत बोलत असतात. ती वाचताना प्रत्येक तक्रार तीनपैकी एका ढिगात टाकत जावी.

पहिला ढीग ‘नसलेल्या गोष्टीं’चा. पूर्वी अमुक करता येत होते आणि आता येत नाही, अशी ही तक्रार असते. ती तपासता येते आणि ती खरी की खोटी हे पाच मिनिटांत कळते. दुसरा ढीग ‘बदललेल्या कल्पने’चा. गोष्ट आहे, पण प्रोग्रॅम तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. ट्रॅक (चित्र आणि आवाज यांचे एकावर एक स्वतंत्र पट्टे) काढून टाकून त्यांच्या जागी एकमेकांना चिकटलेल्या क्लिपा (चित्राचे वा आवाजाचे तुकडे) आणणे हे याचे ठळक उदाहरण. तिसरा ढीग ‘हाताच्या सवयी’चा. बटण डावीकडे होते ते उजवीकडे गेले, कळ बदलली, पडद्याचा रंग गडद झाला, अशा तक्रारी यात येतात.

हे ढीग पाडायचे कारण असे की तिन्हींचे भवितव्य वेगवेगळे असते, आणि २०११ च्या तक्रारींकडे आज मागे वळून पाहिले की ते स्वच्छ दिसते. एक्सएमएलची देवाणघेवाण सप्टेंबर २०११ मध्ये, म्हणजे तीन महिन्यांत परत आली. मल्टिकॅम जानेवारी २०१२ मध्ये आले, आणि ६४ अँगलपर्यंत चालणारे, पूर्वीपेक्षा सुटसुटीत असे आले. मूळ फुटेज आणि संकलित दृश्य शेजारी-शेजारी पाहण्यासाठीच्या दोन खिडक्या ऑक्टोबर २०१२ मध्ये मिळाल्या. ओएमएफ, त्याचा वारसदार एएएफ आणि ईडीएल यांची निर्यात मात्र प्रोग्रॅममध्ये आलीच नाही. ती जबाबदारी बाहेरच्या छोट्या कंपन्यांनी उचलली आणि त्यांची साधने वेगळे पैसे मोजून घ्यावी लागली. सातव्या आवृत्तीचे प्रोजेक्ट नव्यात आणणारे साधनही २०१२ च्या सुरुवातीला बाहेरूनच आले. आणि ट्रॅक? ते कधीच परतले नाहीत. २०१६ साली १०.३ या आवृत्तीत संवाद, संगीत, परिणामध्वनी अशा भूमिकांनुसार रंगीत पट्टे दिसू लागले, त्यामुळे डोळ्यांना ट्रॅकसारखे काहीतरी मिळाले, पण मूळ कल्पना तसूभर हलली नाही.

यातून निर्णयाचा नियम निघतो, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातून उचलण्यासारखी गोष्ट हीच आहे. आपली अडचण पहिल्या ढिगातली असेल, तर जुन्या आवृत्तीवर काम चालू ठेवून थांबण्यात अर्थ आहे, कारण मोठ्या संख्येने मागितली जाणारी सोय बहुधा परत येते किंवा कुणीतरी ती विकू लागते. अडचण दुसऱ्या ढिगातली असेल तर वाट पाहू नये. कंपनीने ज्या कल्पनेवर अख्खा प्रोग्रॅम नव्याने लिहिला, ती कल्पना ती तक्रारींमुळे मागे घेत नाही. तेव्हा एकतर ती शिकून घ्यावी किंवा निरोप घ्यावा. तिसऱ्या ढिगातल्या अडचणीवर निर्णयच घेऊ नये. ती तीन-चार आठवड्यांत आपोआप विरते.

बदललेली कल्पना जवळून पाहणे

दुसऱ्या ढिगातल्या तक्रारी वाचून कळत नाहीत, करून पाहाव्या लागतात. म्हणून एक छोटा प्रसंग घेऊ. दारावर थाप पडते, आतली बाई दचकते, उठते आणि दार उघडते, असे चार शॉट आहेत. थापेचा आवाज वेगळा बसवला आहे आणि खाली संगीताची एक पट्टी आहे.

ट्रॅकच्या पद्धतीत थापेचा आवाज आपल्या ट्रॅकवर स्वतंत्र पडलेला असतो. दिग्दर्शकाने आधीच्या दृश्यातले दोन सेकंद काढायला सांगितले आणि आपण फक्त चित्राचा ट्रॅक पुढे ओढला, तर थाप जागच्या जागी राहते, आणि आता ती बाई दचकल्यानंतर ऐकू येते. हा घोटाळा टाळण्यासाठी ट्रॅकना कुलूप लावणे, ते एकत्र सरकतील अशी व्यवस्था करणे, शेवटी सगळी टाइमलाइन एकदा पाहून घेणे, या सवयी संकलकाने वर्षानुवर्षे अंगी बाणवलेल्या असतात. चुंबकी टाइमलाइनमध्ये थाप त्या शॉटलाच टाचलेली असते. आधीचे दोन सेकंद गेले की शॉट पुढे येतो आणि थाप त्याच्याबरोबर येते. इथपर्यंत नवी पद्धत सरस वाटते आणि ती आहेही.

आता संगीताकडे पाहू. संगीताची पट्टी पहिल्या शॉटला टाचलेली आहे. पहिला शॉटच नको असे ठरले आणि आपण तो काढून टाकला, तर त्याला टाचलेले संगीतही त्याच्याबरोबर जाते. शिवाय गाणे ठेक्यावर कापलेले असेल, तर मधला एक शॉट काढताच पुढचे सगळे शॉट सरकतात आणि ठेका सुटतो. यावर उपाय आहेत. शॉट नुसता काढण्याऐवजी त्याच्या जागी तेवढ्याच लांबीची रिकामी क्लिप ठेवण्याची आज्ञा आहे, आणि ‘पोझिशन’ नावाचे हत्यार घेतले की चुंबक तेवढ्यापुरता गप्प बसतो. पण ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने प्रोग्रॅमने त्याचे काम बिघडवले, आणि पहिल्या आठवड्यातील बऱ्याच संतप्त प्रतिक्रियांचा जन्म नेमका अशा क्षणी झालेला असतो.

म्हणून नव्या कल्पनेवर मत बनवण्याआधी आपल्या रोजच्या कामातली अशी दोन दृश्ये निवडावीत, एक संवादाचे आणि एक संगीतावर कापलेले, आणि दोन्ही नव्या प्रोग्रॅममध्ये कोऱ्या टाइमलाइनपासून कापावीत. जुने प्रोजेक्ट आणून त्यात फेरफार करणे ही चाचणी नव्हे, कारण आयात केलेल्या टाइमलाइनमध्ये जुन्या पद्धतीचा सांगाडा तसाच राहतो आणि नव्या पद्धतीची चव लागत नाही.

बोलणारा कोण, हे विचारावे

तक्रार वाचताना तिच्याखाली चार प्रश्नांची उत्तरे शोधावीत: हा माणूस काय कापतो, त्याचे काम पुढे कोणाकडे जाते, तो कोणत्या आवृत्तीबद्दल बोलत आहे, आणि त्याने तिच्यात एक तरी काम शेवटपर्यंत नेले आहे का.

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. २०११ साली जो संकलक कार्डावर चित्रण करून, एकट्याने कापून, फाइल थेट ग्राहकाला देत होता, त्याला नव्या प्रोग्रॅमने फारसे काही नाकारले नव्हते. उलट त्याचा वेग वाढला. ज्याचे काम पिक्चर लॉक (चित्राची कापाकापी पक्की) झाल्यावर ध्वनिसंयोजकाकडे, तिथून रंगसंस्काराकडे आणि शेवटी टेपवर उतरून वाहिनीकडे जात होते, त्याची साखळी तीन ठिकाणी तुटली होती. दोघेही व्यावसायिक, दोघेही खरे बोलणारे, आणि तरी एकमेकांना मूर्ख ठरवणारे. ध्वनी विभागाला ओएमएफ देण्यासाठी त्या काळात बाहेरचे जे साधन घ्यावे लागे त्याची किंमत ४९५ डॉलर होती, म्हणजे मूळ प्रोग्रॅमपेक्षा जास्त. ज्याला ते घ्यावे लागत नव्हते, त्याला या रागाचे कारण कळणे अवघडच होते.

तिसऱ्या प्रश्नाबाबत एवढेच, की तक्रारीवरची तारीख पाहावी. जुलै २०११ मधली मल्टिकॅमबद्दलची टीका पुढच्या फेब्रुवारीत निकालात निघाली होती, पण लोक ती त्यानंतरही कितीतरी काळ उगाळत होते.

आपली साखळी कागदावर मांडणे आणि चाचणी घेणे

नवी आवृत्ती उतरवून घेण्याआधी कागद घ्यावा आणि आपल्या कामात बाहेरून आत येणारी व आतून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट लिहावी: कोणत्या कॅमेऱ्यांच्या फाइल, कोणता फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रे), ध्वनी वेगळा येतो का, सहायक कोणत्या नावांनी क्लिपा लावतो, ध्वनिसंयोजक काय मागतो, रंगसंस्काराला काय जाते, ग्राहकाला शेवटी कोणती फाइल लागते, आणि सहा महिन्यांनी बदल आला तर काय उघडावे लागेल. पडद्यावर दिसणारी बटणे या यादीत येत नाहीत हे लक्षात घ्यावे. प्रोग्रॅमच्या आत काय बदलले ते आपण शिकू शकतो. हद्दीवर काय तुटले ते आपल्या हातात नसते, कारण पलीकडे दुसरा माणूस बसलेला असतो.

यानंतरची चाचणी एका छोट्या, खऱ्या, पण आधीच पूर्ण होऊन सुपूर्द झालेल्या कामावर घ्यावी. दोन-तीन मिनिटांचा तुकडा पुरेसा आहे, मात्र त्यात वेगबदल केलेला एक शॉट, एक डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरे उमटणे), एक शीर्षक, वेगळ्या फ्रेमरेटची एक क्लिप आणि वेगळा आलेला ध्वनी एवढे असावे. नेमक्या याच पाच जागी आयात-निर्यात अडखळते. चाचणी वेगळ्या यंत्रावर किंवा निदान वेगळ्या डिस्कवर करावी आणि चालू कामाच्या मूळ प्रतींना हात लावू नये, कारण बहुतेक प्रोग्रॅममध्ये नव्या आवृत्तीत उघडून साठवलेले प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका माहितीपटाच्या ऐन मध्यात मी एका प्रोग्रॅमची नवी आवृत्ती ‘जरा पाहू तरी’ म्हणून उघडली, प्रोजेक्ट रूपांतरित करू का असे विचारणाऱ्या चौकटीवर न वाचता होकार दिला, आणि त्याच नावावर साठवले. दुसऱ्या खोलीत बसलेल्या सहायकाकडे जुनीच आवृत्ती होती. पुढचे दीड दिवस आम्ही आदल्या रात्रीच्या आपोआप साठलेल्या प्रतीवरून केलेले काम पुन्हा केले. चूक प्रोग्रॅमची नव्हती. चौकटीत स्पष्ट लिहिलेले होते.

जुन्या आणि नव्या टाइमलाइनमध्ये फरक पडला आहे का, हे नुसते पाहून कळत नाही, त्यासाठी एक साधी युक्ती आहे. जुन्या आवृत्तीतून तुकड्याची संदर्भप्रत काढावी, नव्या आवृत्तीत आयात झालेल्या टाइमलाइनच्या अगदी वर ती बसवावी, आणि तिचा मिश्रणप्रकार (खालच्या चित्रात मिसळण्याची रीत) ‘डिफरन्स’ करावा. दोन्ही चित्रे तंतोतंत जुळत असतील तेथे पडदा काळा राहतो आणि जिथे फरक आहे तिथे आकार उजळून दिसतात. संकोचनामुळे, म्हणजे फाइल लहान केल्यामुळे, दिसणारे बारीक ठिपके दुर्लक्षित करावेत, पण कडा उठून दिसल्या तर तो शॉट एखादी फ्रेम सरकला आहे किंवा त्याचे माप बदलले आहे असे समजावे. वेगबदल केलेल्या शॉटमध्ये हे हमखास सापडते.

ध्वनीसाठी वेगळी तपासणी लागते. चित्र सुरू होण्याच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा ‘बीप’ ठेवावा आणि तसाच शेवटानंतरही ठेवावा, मग ध्वनीची निर्यात पलीकडच्या प्रोग्रॅममध्ये उघडून दोन्ही बीप चित्राशी जुळतात का ते पाहावे. पहिला जुळला आणि शेवटचा सुटला, तर फ्रेमरेटचा गोंधळ आहे. २४ आणि २३.९७६ यांतला फरक कानाला कळत नाही, पण तासाभराच्या कामात तो ३.६ सेकंदांचा होतो. शिवाय प्रत्येक ध्वनिक्लिपच्या दोन्ही टोकांना ठरल्याप्रमाणे जास्तीचा भाग आला आहे का, हे ध्वनिसंयोजकालाच उघडून पाहायला सांगावे. आपण ‘गेले आहे’ म्हणणे आणि त्याला ‘मिळाले आहे’ हे दोन वेगळे अनुभव आहेत.

ईडीएल अजून कोणी मागत असेल तर तेही काढून पाहावे. ती साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक कटाचा क्रमांक, रीळाचे नाव, ट्रॅक, संक्रमणाचा प्रकार आणि चार टाइमकोड (तास, मिनिट, सेकंद, फ्रेम यांतली वेळ) एवढेच तिच्यात असते, त्यामुळे ती मजकूर संपादकात उघडून डोळ्यांनी तपासता येते. रीळाच्या नावाचा रकाना रिकामा किंवा सगळीकडे सारखा दिसला, तर रंगसंस्कार करणाऱ्याला मूळ फाइल सापडणार नाही.

हाताच्या सवयीबद्दल थोडे

नव्या प्रोग्रॅममध्ये जुन्या कळा जशाच्या तशा बसवण्याची सोय अनेकदा असते. पहिल्या आठवड्यात ती वापरू नये असे मी सांगेन. जुन्या कळा नव्या कल्पनेवर बसवल्या की हात एक मागतो आणि प्रोग्रॅम दुसरेच देतो, आणि मग दोष कशाचा हे कळत नाही. आधी नव्या कळांनी दहाएक तास काम करावे, मग ज्या खरोखर अडतात तेवढ्याच बदलाव्यात. फायनल कट टेनमध्ये माउस क्लिपवरून फिरवताच चित्र आणि आवाज धावू लागतो, ते अनेकांना पहिल्या दिवशी असह्य झाले होते. ते एका कळीने बंद होते, आणि ज्यांनी ते बंद केले त्यांच्यापैकी कित्येकांनी काही आठवड्यांनी स्वतःहून पुन्हा चालू केले.

प्रतिस्पर्ध्याच्या सवलतीला कसे तोंड द्यावे

असा गोंधळ झाला की शेजारचे दुकान लगेच दार उघडते. २०११ साली अ‍ॅडोबीने फायनल कटच्या वापरकर्त्यांना निम्म्या किमतीची सवलत देऊ केली आणि अ‍ॅव्हिड कंपनीने त्यांच्यासाठी मीडिया कंपोझर हा आपला संकलन प्रोग्रॅम ९९५ डॉलरना ठेवला. अनेक जण गेले, आणि त्यांतले बरेच जण तिकडेच सुखाने राहिले. तरी सवलतीच्या मुदतीला घाबरून उडी मारू नये. परवान्याची किंमत हा खर्चाचा छोटा भाग असतो. शिकण्याचे दिवस, प्लगइन (प्रोग्रॅमला जोडायची छोटी साधने) पुन्हा विकत घेणे, सहायकाला तयार करणे आणि जुनी प्रोजेक्ट तिकडे नेणे यांत खरी रक्कम जाते. शिवाय ज्या घराकडे आपण निघालो, तेही उद्या बदलणार आहे: अ‍ॅडोबीने २०१३ साली कायमचा परवाना सोडून भाडेपद्धत धरली, आणि अ‍ॅव्हिडने २०१९ साली मीडिया कंपोझरचा चेहरामोहरा बदलला. जायचे असेल तर पलीकडच्या प्रोग्रॅमवरही वरचीच दोन दृश्यांची आणि साखळीची चाचणी घ्यावी.

बदल करणाऱ्याची पद्धतही पारखावी. २००७ साली आयमूव्ही असाच मुळापासून बदलला, तेव्हा अ‍ॅपलने नवा संच घेणाऱ्यांना जुनी आवृत्ती मोफत उतरवून घेऊ दिली होती. दाविंची रिझॉल्व्ह या संकलन प्रोग्रॅमने २०१९ साली झटपट संकलनासाठी ‘कट’ नावाचे वेगळे पान आणले, पण जुने ‘एडिट’ पान तसेच ठेवले. ज्याला ‘कट’ नको त्याने तिकडे फिरकू नये. २०११ मध्ये जुना संच त्याच दिवशी कपाटातून नाहीसा झाला, आणि नव्या खुर्च्या, म्हणजे जास्तीचे परवाने, वाढवायच्या असलेल्या स्टुडिओंची कोंडी झाली. काही महिन्यांत फोनवरून मागणी नोंदवून तो पुन्हा मिळू लागला, पण विश्वास तसा परत आला नाही. नसलेल्या सोयींपेक्षा हाच घाव खोल होता, असे माझे मत आहे. ज्या कंपनीने एकदा जुन्याचा रस्ता अचानक तोडला, तिच्या पुढच्या मोठ्या बदलाच्या वेळी आपली सुटका आधीच आखून ठेवावी.

आपली तक्रार कशी लिहावी

कंपनीला लिहावेच, कारण पहिल्या ढिगातल्या गोष्टी लिहिल्यामुळेच परत येतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये चित्रपट आणि दूरचित्रवाणीतील शंभराहून अधिक जणांनी फायनल कटबद्दल त्या वेळी अ‍ॅपलचे प्रमुख असलेले टिम कुक यांना खुले पत्र लिहिले आणि कंपनीने त्याला उत्तर दिले; त्या पत्रात शिव्या नव्हत्या, मागण्या होत्या.

‘हा प्रोग्रॅम व्यावसायिकांसाठी नाहीच’ हे वाक्य वाचणाऱ्या अभियंत्याला काहीही करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘आम्ही ५० मिनिटांचे भाग तीन संकलक मिळून कापतो. पिक्चर लॉकनंतर ध्वनी दुसऱ्या स्टुडिओत जातो आणि त्यांना दोन्ही टोकांना पाच सेकंद जास्तीचे असलेले एएएफ लागते. या आवृत्तीत ते निघत नाही. सध्या बाहेरचे साधन वापरतो, पण त्यात वेगबदल केलेल्या क्लिपचा ध्वनी उतरत नाही, आणि प्रत्येक भागामागे अर्धा दिवस हाताने जुळवण्यात जातो.’ काम काय, पायरी कोणती, अपेक्षा काय होती, प्रत्यक्षात काय झाले आणि त्यामुळे किती वेळ जातो, हे एका परिच्छेदात आले की तक्रार पुढे सरकते. आवृत्तीचा पूर्ण क्रमांक आणि यंत्राची माहिती जोडावी. एका पत्रात एकच गोष्ट लिहावी.

जुने काम उघडे ठेवणे

जुन्या आवृत्तीवर थांबणे हा कमीपणा नाही. ऑस्कर मिळवणारा ‘पॅरासाइट’ २०१९ साली प्रदर्शित झाला आणि त्याचे संकलन फायनल कट प्रो ७ वर, म्हणजे दहा वर्षे जुन्या आणि केव्हाच बंद पडलेल्या आवृत्तीवर झाले होते. मात्र असे थांबायचे तर यंत्रही गोठवावे लागते. २०१७ च्या हाय सिएरा या अ‍ॅपलच्या संगणक-प्रणालीवर सातवी आवृत्ती चालेनाशी झाली, आणि २०१९ च्या कॅटलिनाने तर ३२ बिटचे सगळेच प्रोग्रॅम बंद केले. ज्यांनी संकलनाच्या यंत्राची प्रणाली सवयीने अद्ययावत केली, त्यांचे जुने प्रोजेक्ट एका रात्रीत कुलूपबंद झाले.

म्हणून जुनी आवृत्ती ज्या यंत्रावर चालते ते यंत्र नेटपासून तोडून ठेवावे, त्याच्या मूळ डिस्कची पूर्ण प्रतिमा काढून ती दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, आणि परवान्याचे क्रमांक व प्लगइनची स्थापक फाइल तिच्याशेजारी असावीत. जुना प्रोग्रॅम उघडतो आहे तोवर प्रत्येक पूर्ण झालेल्या कामाचे एक्सएमएल काढावे, जमल्यास ईडीएल काढावे, शीर्षकांविना एक आणि शीर्षकांसह एक अशा उच्च दर्जाच्या दोन प्रती काढाव्यात, आणि संवाद, संगीत व परिणामध्वनी यांचे वेगवेगळे मिश्रण साठवावे. शीर्षकांचा मजकूर आणि रंगसंस्काराची मूल्ये एक्सएमएलमधून नीट उतरत नाहीत, तेव्हा मजकूर वेगळा उतरवून घ्यावा आणि रंगाच्या खिडकीचे पडदाचित्र काढावे. या सगळ्याबरोबर फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक फाइल ठेवावी आणि तिच्यात प्रोग्रॅमच्या आवृत्तीचा क्रमांक, प्रणालीचा क्रमांक, फ्रेमरेट, चित्राचे माप, वापरलेले फाँट आणि प्लगइनची नावे लिहावीत. ही फाइल काम सुपूर्द केल्याच्या दिवशीच लिहून टाकावी. महिन्याभराने ती लिहायला बसलो की निदान दोन प्लगइनची नावे आठवत नाहीत.